दोन हजार फुटांपलीकडचं घर

ऑडेल मिम्सनं बसवलेली घरं त्या मुलखात जागोजाग होती. अलाबामाच्या काळ्या मातीच्या त्या पट्ट्यात गरिबाचं घर कुणी बांधत नाही, ओढून आणतात. कारखान्यात तयार झालेलं, पत्र्याच्या कातडीचं लांबट घर ट्रकमागं डुलत येतं आणि मग ते जमिनीवर बसवणारा माणूस लागतो. त्यानं घराच्या पोटाखाली सरपटत जायचं, सिमेंटचे ठोकळे रचायचे, पाणसळ लावायची, लाकडाच्या पाचरी ठोकायच्या. शेवटी लोखंडी पट्ट्यांनी घर जमिनीशी जखडायचं, म्हणजे वावटळीत ते पतंगासारखं उडत नाही. ऑडेलनं बसवलेल्या घरात दार आपणहून उघडत नाही की चुलीवरचं तेल एका अंगाला धावत नाही, अशी त्याची ख्याती होती. लोक त्याला घर बसवायला हौसेनं बोलावत. शेजारी राहायला कुणी बोलावलं नसतं, आणि बोलावलं असतं तरी कायद्यानं त्याला जाता आलं नसतं.

बावीस वर्षांचा असताना त्यानं कोंबड्यांच्या कारखान्यात सोबत काम करणाऱ्या एका बाईवर जबरदस्ती केली होती. दारू होती, पगाराचा दिवस होता, हे सगळं वकिलानं कोर्टात सांगून झालं; ऑडेल स्वतः ते कधी सांगत नसे. केलं होतं, एवढंच. अकरा वर्षं तुरुंगात काढली. सुटला त्या दिवशी फाटकावरच्या म्हाताऱ्या शिपायाला म्हणाला, "संपली शिक्षा एकदाची."

शिपाई म्हणाला, "संपली न्हाई बाबा. तुझ्याबरुबर बाहेर आली."

आणि ते खरं निघालं. त्याचं नाव, फोटो, गुन्हा आणि पत्ता सरकारी यादीत चढला. ती यादी जगाला उघडी. दर तीन महिन्यांनी शेरीफच्या कचेरीत हजेरी. नव्या जागी राहायला गेला की आसपासच्या घरोघर त्याच्या तोंडाचं पत्रक. आणि शाळा किंवा पाळणाघर यांच्यापासून दोन हजार फुटांच्या आत मुक्काम करायचा नाही, मरेपर्यंत. त्याच्या गुन्ह्यात मूल नव्हतं. पण कायद्यानं सगळ्यांना एकाच दाव्याला बांधलं होतं.

गावात असे गोल काढत गेलं की शेवटी उरतं काय? दलदल, रेल्वेचा रूळ आणि हायवेच्या फाट्यावरचं बंद पडलेलं टायरचं दुकान. त्या दुकानामागच्या खोल्यांत यादीतलेच बाप्ये राहत. ऑडेलही तिथंच. शेजारच्या खोलीतला लेम्युएल म्हणायचा, "आपल्याला चांगल्या मानसांपासून लांब ठेवलंय आन् एकमेकांच्या मांडीवर बसवलंय. सुधारायला ह्यापरीस चांगली संगत मिळंल का?"

त्याची आई व्हर्लीन माउंट नेबो रस्त्याला राहायची, तिच्या जुन्या ओढून आणलेल्या घरात. ऑडेल तुरुंगात असताना तिथल्या चर्चनं मागच्या हॉलमध्ये पाळणाघर काढलं, आणि आईचं घर गोलाच्या आत आलं. दिवसा भेटायला आडकाठी नव्हती. रविवारी तो जायचा, तिच्या हातची पालेभाजी आणि कॉर्नब्रेड खायचा, पायऱ्या दुरुस्त करायचा आणि उन्हं उतरायच्या आत निघायचा. मायलेकांचं असं बरं चाललं होतं.

मग त्या वसंतात व्हर्लीनला अर्धांगाचा झटका आला. डावं अंग गेलं, जीभ जड झाली. इस्पितळातून तिला दूरच्या गावी म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात हलवलं. तिथल्या बाईंनी ऑडेलला खुर्चीत बसवून सरळ सांगितलं, "रात्रंदिवस घरात राहणारं माणूस असेल तर त्यांना घरी सोडू. नसेल तर त्या इथंच राहतील. कायमच्या."

बहीण थिओला डेट्रॉइटहून फोनवर म्हणाली, "तिथंच राहू दे तिला. तू कुठं नेणार हाईस? फाट्यावर?"

व्हर्लीननं उजव्या हातानं त्याची बाही धरली. एकेक शब्द ओढून काढल्यासारखा काढत म्हणाली, "हितल्या भितींना... वास न्हाई कसला. माझ्या घरी ने. तू ने."

"नेतो, आये," ऑडेल म्हणाला. आणि म्हणाला ते म्हणाला. कसं नेणार ते त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ते सुचलं एका परक्या घराच्या पोटाखाली, उताणा पडून पाचर ठोकताना. आपला धंदा काय? घर उचलायचं आणि हलवायचं. मग आपण माणसाला हलवायचा विचार का करतोय?

आईची जमीन चिंचोळ्या पट्ट्यासारखी होती. पुढं रस्ता, रस्त्यालगत बापानं लावलेली, अक्रोडासारखं फळ देणारी पिकॅनची झाडं, मग घर, आणि मागं झाडोऱ्यातून थेट ओढ्यापर्यंत लांबत गेलेली पडीक. घर तसंच मागं ओढत नेलं तर ते गोलाबाहेर पडेल. ऑडेलनं मोजायचं चाक घेतलं आणि पाळणाघराच्या भिंतीपासून सरळ रेषेत माप धरत गेला. बांबूच्या बेटापलीकडं सपाट जागा सापडली. दोन हजार फूट भरून वर हातभर.

त्याचा मालक पर्विस हा पोट सुटलेला, तंबाखू चघळणारा गोरा म्हातारा. तो म्हणाला, "घर तुझ्यापरीस थकलंय. ओढताना कंबरडं मोडंल."

"तुमचा ट्रक द्या. कंबरडं मी सांभाळतो."

"मोडलं तर?"

"जोडीन."

पुढच्या शनिवारी दोघांनी ते घर ठोकळ्यांवरून उतरवलं, चाकं चढवली आणि बैल ओढल्यासारखं मागं ओढलं. घर कण्हलं, एक खिडकी तडकली, पण शाबूत पोचलं. ऑडेलनं ते असं बसवलं की पर्विसनं आत जाऊन चारी कोपऱ्यांत पाय आपटून बघितले आणि काहीच बोलला नाही. पर्विस बोलला नाही म्हणजे काम पसंत.

सोमवारी शेरीफचा डेप्युटी हॅस्क्यू नकाशा घेऊन आला. पोरसवदा, पण बोलायला मऊ. घराभोवती फिरला आणि टोपी मागं सारत म्हणाला, "मिस्टर मिम्स, घर झकास बसवलंय. माप चुकलंय."

"दोनदा मोजलंय मी."

"कुठून?"

"भितीपासून भितीपर्यंत."

"कायदा भिंत बघत नाही. पाळणाघराच्या जमिनीच्या हद्दीपासून तुमच्या जमिनीच्या हद्दीपर्यंत मोजतो. तुमच्या आईची जमीन रस्त्याला लागून सुरू होते. घर मागं गेलं, जमीन कुठं गेलीय?"

ऑडेल खाली बघत उभा राहिला. उभा जन्म तो कोपऱ्यापासून मोजत आला होता. घर बसवणारा माणूस भिंतीचा कोपरा सोडून दुसरं मापच धरत नाही. हद्द बघायची ती वकिलांनी.

पर्विस थुंकला. "म्हंजे गाय बाहेर आली, पर शेपूट फाटकात ऱ्हायलं, तर तुमच्या कायद्याला गाय आतच."

"शेपूट तोडलंत तर बाहेर," डेप्युटी म्हणाला. तो थट्टेनं बोलला, पण ऑडेलनं मान वर केली.

"पुढचा तुकडा दुसऱ्याच्या नावावर केला तर?"

"तर तुमच्या आईची हद्द मागं सरकेल. मग बसतं मापात."

"द्या मग चर्चला दान करून," पर्विस म्हणाला. "पुण्य बी मिळंल."

डेप्युटीनं मान हलवली. "चर्चला दिला तर चर्चची हद्दच पुढं सरकून तुमच्या दाराशी येईल. पाळणाघर त्यांचंच आहे. दुसरा कुणी शोधा."

दुसरं कोण? एका अंगाला लाकूड कंपनीचं जंगल. त्यांना पत्र घातलं तर उत्तर यायच्या आत म्हातारीला दोनदा पुरून झालं असतं. दुसऱ्या अंगाला ड्रुसिला बॅटल.

ड्रुसिला आणि व्हर्लीन यांची मैत्री ऑडेलच्या जन्माआधीची. ड्रुसिला कोंबड्यांच्या कारखान्यात पाळीची मुकादम होती. ऑडेलच्या गुन्ह्याच्या दुसऱ्या सकाळी त्या बाईला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं ते ड्रुसिलानं. कोर्टात साक्ष दिली तीही तिनंच. आणि साक्ष देऊन आली त्या संध्याकाळी व्हर्लीनच्या पायरीवर झाकलेलं जेवण ठेवून गेली, तीही तीच. त्यानंतर दोघी कुंपणापाशी उभ्या राहून हवापाण्याचं, गुडघ्यांचं, चर्चमधल्या बायांचं सगळं बोलायच्या. ऑडेलचं नाव दोघींनी त्या कुंपणावरून कधी जाऊ दिलं नाही.

ड्रुसिलाच्या दोन नाती त्याच पाळणाघरात जायच्या. त्या तिकडं गेल्या असतील अशी वेळ बघून ऑडेल गेला. फाटकाबाहेर रस्त्यावर उभा राहिला, टोपी काढली. ती अंगण झाडत होती. गवताची काडी उगवू द्यायची नाही, नुसती माती, आणि तीही खराट्यानं रेघा ओढून चोपडी, ही तिथल्या जुन्या बायांची रीत.

"मिस ड्रुसिला."

"हितं आत यायचं न्हाई."

"न्हाई येत, मॅम. हितनंच बोलतो."

त्यानं सगळं सांगितलं. घर, माप, हद्द, चर्च. ती झाडत राहिली.

"म्हंजे तुझ्यापायी मी जमीन घ्यायची."

"आयेसाठी, मॅम."

"आईच्या पदराआड लपू नगंस. लई धुतलाय तो तिनं तुझ्यापायी. आता फाटंल."

ऑडेलनं टोपी या हातातून त्या हातात घेतली. "माझ्यासाठी बी हाय. मला तिच्यापाशी ऱ्हायचंय. ती हाय तवर."

"आन् माझ्या नाती?"

"पुढच्या रस्त्यावर पाय ठेवणार न्हाई. मागनं ओढ्याकडनं वाट काढतो. त्यांच्या नजरंला सुदीक पडणार न्हाई."

ड्रुसिलानं खराटा थांबवला. "ती बाई अजून दिवा लावून निजती. ठावं हाय तुला?"

"न्हाई."

"मला ठावं हाय. दर नाताळाला फोन करती मला. आता तुला बी ठावं झालं. जा."

तो गेला. पण घरी बसला नाही. त्याच दुपारी त्यानं करवत उचलली आणि ओढ्याकडून जाणारी जुनी लाकूडतोड्यांची वाट साफ करायला घेतली. तिच्यावर पंधरा-वीस वर्षांचं रान माजलं होतं. कामावरून सुटला की रोज तिथं. पाइनची रोपं, काटेरी वेली, कुजलेले ओंडके. ओढ्याचं पाणी खालून जावं म्हणून पर्विसच्या आवारातला जुना सिमेंटचा रुंद नळ आणून घातला आणि वर मुरूम ओढला.

पर्विस एकदा बघायला आला. "बया न्हाई म्हणाली ना? मग हे काय चाललंय?"

"वाट."

"कुठं जायाची?"

"घरी."

"कायद्यात घर बसत न्हाई आन् ह्यो वाट काढतोय."

"कायद्याचं अडलं तर अडू दे. वाटंपायी अडलं असं कुणी म्हणायला नगं."

करवतीचा आवाज ड्रुसिलाच्या अंगणात रोज जात होता. ती आपलं अंगण झाडत राहिली. पण एका रविवारी ऑडेल शुश्रूषागृहात आईला चमच्यानं लापशी भरवत असताना दार ढकलून ती आत आली. चर्चची टोपी डोक्यावर, हातात पर्स घट्ट धरलेली. ऑडेल उठून भिंतीला लागला.

"बस," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तिचं तोंड उघडं टाकून उठू नगंस."

व्हर्लीनच्या तोंडाचा एक कोपरा हसला. "ड्रू. झाडं... घे."

"मला काय करायचीत तुझी झाडं?"

"खोटं. त्या कोपऱ्यावरल्या झाडावर... चाळीस वर्सं डोळा हाय तुझा."

"त्या झाडाला फळ मोठं येतं म्हणून बघती. बघायला काय जातंय?"

"मग... बघत बस. तुझंच."

ड्रुसिला खाटेच्या कडेला बसली. बराच वेळ तिनं व्हर्लीनचा मेलेला हात आपल्या मांडीवर घेऊन चोळला. मग म्हणाली, "घेईन. पर घेतली म्हंजे घेतली. तू गेल्यावर परत मागायची न्हाई. कायदा उद्या बदलला तरी मागायची न्हाई. आन् ह्यानं त्या तुकड्यात पाऊल टाकायचं न्हाई. पडलेलं एक पिकॅन उचलायला सुदीक न्हाई."

व्हर्लीननं ऑडेलकडं पाहिलं. ते कोपऱ्यावरचं झाड बापानं ऑडेल जन्मला त्या साली लावलं होतं. त्याच्या खालच्या फांदीवरून पडून त्याचा हात मोडला होता. बाप गेल्यावर त्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचं, हा त्याचा रविवारचा नेम होता.

"व्हय, मॅम," ऑडेल म्हणाला.

"आन् आणखी एक. ड्रुसिलानं मला माफ केलं, असं कुठं सांगत फिरू नगंस."

"न्हाई सांगणार."

"कारण मी न्हाई केलं."

"व्हय, मॅम."

"लापशी गार झाली तिची," ड्रुसिला म्हणाली. "भरव."

कागद झाले. व्हर्लीननं उजव्या हातानं सही केली. मोजणीवाला आला, खुंट ठोकले, आणि ऑडेलनं खुंटांवरून पिवळी दोरी ताणली. दोरीपलीकडं झाडं, अलीकडं घर. डेप्युटी हॅस्क्यूनं नकाशावर हद्दीपासून हद्दीपर्यंत मोजलं, परत मोजलं आणि म्हणाला, "बसतं. थोडक्यात, पण बसतं." मग घसा खाकरला. "पत्रकं मात्र वाटावी लागतील. नवा पत्ता आहे."

"वाटा," ऑडेल म्हणाला.

पत्रकं गेली. ड्रुसिलाच्या पेटीतही एक पडलं. चर्चमधल्या काही बाया तिच्याशी बोलेनाशा झाल्या. ती म्हणाली, बरंच झालं, गुडघ्यांचं ऐकून ऐकून कान किटले होते. कुणीतरी मागच्या वाटेवर कचऱ्याच्या पिशव्या आणून फोडल्या. ऑडेलनं त्या भरून उकिरड्यावर टाकल्या. परत फोडल्या, परत भरल्या. तिसऱ्या खेपेला फोडणाराच कंटाळला.

फाट्यावरून निघताना लेम्युएल त्याची गादी गाडीत चढवू लागला. "चाललास व्हय आमची संगत सोडून? बिघडशील."

व्हर्लीनला त्यानं मागच्या वाटेनं आणलं. ओढा ओलांडताना ती म्हणाली, "मी ह्या घरात... पुढल्या दारानं आलीवती." चाकाच्या खुर्चीसाठी उतरण केली होती, तीवरून तिला आत ढकललं. ती हुंगत राहिली. तळणीचा, जुन्या पडद्यांचा, कापराचा वास. मग तिनं बर्फ घातलेला गोड चहा मागितला. पेला टेबलावर ठेवून त्याकडं डोळे बारीक करून बघितलं.

"घर वाकडं हाय."

"पाणसळ लावलीय, आये."

"चहा बघ की."

ऑडेलनं वाकून पाहिलं. पेल्यात चहा खिडकीच्या अंगाला सुपारीभर वर चढला होता. पावसानं नवी जमीन बसली होती. तो हातोडा घेऊन घराखाली गेला, उताणा सरपटत खिडकीखालच्या ठोकळ्यापाशी पोचला आणि पाचर मारली.

वरून आवाज आला. "आणखी."

त्यानं मारली.

"आणखी जरा... बास. बास म्हटलं. आता तिकडं सांडंल."

त्या मुलखात पाचर ठोकून देणारे पुष्कळ होते. चहावरून माप सांगणारी मुकादम फक्त त्याच्याच डोक्यावर बसली होती.

उन्हाळा असा गेला. सकाळी तिला उठवायचं, धुवायचं, केस विंचरायचे. तो कामावर असताना चर्चमधली एक चुलत बहीण येऊन बसायची. संध्याकाळी तो हात-पाय चोळायचा. रविवारी तो दोरीच्या अलीकडं खुर्ची टाकायचा. झाडं लांबून दिसायची.

थंडी पडायला लागली आणि पिकॅन गळायला लागली. ड्रुसिला बादली घेऊन वाकून वेचताना दिसायची. तिकडं अर्धेलीची रीत आहे: दुसऱ्याच्या झाडाखाली वेचायचं, निम्मं आपलं, निम्मं मालकाचं. व्हर्लीनच्या झाडांखाली ड्रुसिला वर्षानुवर्षं अशीच वेचत आलेली.

एका दुपारी ती पोतं ओढत दोरीपाशी आली आणि ते अलीकडं ढकललं.

"ऑडेल. व्हर्लीनला दे. अर्धेलीचा वाटा हाय."

तो खुर्चीतून उठला, पण पुढं गेला नाही. "मॅम, झाडं तुमची, वेचलं बी तुमी. अर्धेली कशाची?"

"मी तुला हिशेब इचारला? माझी झाडं हाईत, मी वाटंल त्याला देईन. तिला दिलं. तुझा न्हाई त्यात दाणा बी."

"व्हय, मॅम."

ती पाठ फिरवून पार घरात जाईपर्यंत तो थांबला. मग पोतं उचललं.

व्हर्लीननं पोत्यात चांगला हात घातला, चाचपून दोन पिकॅन निवडली आणि एकाच मुठीत एकावर एक दाबली. कट्ट आवाज झाला. एका हातानं फोडायची हीच युक्ती, ती तिला लहानपणापासून येत होती. आता उपयोगी पडली. तिनं अख्खा गर सोलून मांडीवर ठेवला आणि त्याच्यापुढं केला.

"खा. कोपऱ्यावरल्या झाडाचं हाय. मोठं बघ."

"नगं, आये. मिस ड्रुसिला म्हणाली, माझा दाणा न्हाई ह्यात."

"ती झाडाची मालकीण." व्हर्लीन दम घेऊन म्हणाली, "ह्या पोत्याची... मी. खा म्हणती ना."

त्यानं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी हजेरी होती. शेरीफच्या कचेरीत खिडकीमागच्या बाईनं नेहमीसारखं मान वर न करता विचारलं, "पत्ता बदललाय?"

"न्हाई," ऑडेल म्हणाला. "तोच हाय." आणि त्यानं तो सावकाश, पूर्ण सांगितला, तिनं विचारला नव्हता तरी. मग पेन परत दिलं आणि मागच्या वाटेनं घराकडं गाडी वळवली. म्हातारीच्या चहाची वेळ झाली होती.